पहिल्या विधेयकाची गंमत

एनॉस डंकलीला माझ्या शेजारचा बाक दिला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. नवा आमदार शेजारी आला की त्याला शहाणं करायचं काम शेजाऱ्याचं, असा आमच्या सभागृहाचा रिवाज आहे. कुठलं बटण कधी दाबायचं, कुणाच्या जेवणाला जायचं, कुणाचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, सगळं सांगत बसा. माझे गुडघे आधीच गेलेले, त्यात हे लचांड. बरं, पोरगं म्हणावं तर छत्तिशीचा बाप्या. शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं, आणि कोट घातला तरी नखांतलं ग्रीस काही जात नव्हतं.

पण मन लावून ऐकायचा. वर्नाबाई म्हणायचा मला. बाकीची नवी पोरं 'वर्ना, वर्ना' करत खांद्यावर हात टाकतात, तसं नाही. पहिल्या आठवड्यातच त्याने दोन कागद माझ्यापुढे सरकवले.

"वर्नाबाई, आईबापांच्या हक्कांसाठी तुम्ही इतकी वर्षं भांडताय. एवढं माझं विधेयक वाचाल?"

"ठेव तिथे. वाचते."

वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या राज्यात जुना कायदा असा, की आईबापांनी श्रद्धेपोटी मुलाला डॉक्टरकडे न नेता नुसती प्रार्थना केली, तर त्यांना कोणी जाब विचारायचा नाही. मूल दगावलं तरी नाही. एनॉसचं म्हणणं, मुलाच्या जिवाला धोका असेल तर नेलंच पाहिजे. प्रार्थना हवी तेवढी करा, पण न्या. आणि राज्यपालांची सही झाली त्याच दिवसापासून हे लागू.

"हे माझ्याकडे घेऊन आलास?" मी म्हटलं. "माझ्याकडे? अरे, आईबापांच्या सहीशिवाय शाळेत मुलाला डोकेदुखीची गोळी देता येत नाही, तो कायदा कोणी केला?"

"तुम्ही."

"मग? सरकारचा पाय एकदा घरात आला ना, की तो बाहेर जात नाही. आज म्हणतील डॉक्टरकडे न्या. उद्या म्हणतील या चर्चला जाऊ नका. मी हे उगाच नाही बोलत. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एका बाईची चांगली धडधाकट मुलं उचलून नेली होती, का तर म्हणे घर अस्वच्छ!"

हे मी आजही बोलेन. कोणाला पटो न पटो.

दुसरं कारण मी त्याला सांगितलं नाही, पण त्याला माहीत असणार. वरच्या दरीतली मंडळी माझ्याच मतदारसंघात येते. ते स्वतःला चर्च म्हणत नाहीत, मंडळी म्हणतात. डॉक्टर नाही, औषध नाही. आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावायचं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, बस. मतदान मात्र झाडून सगळे करतात, आणि त्यांचे वडीलजन सांगतील त्यालाच करतात. त्या मतांवर मी दोनदा तरले होते.

"मी त्याच मंडळीत वाढलोय," एनॉस म्हणाला. "एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडलो. माझी बहीण आहे तिथे. केझाया. तिची मुलगी टिर्झा, आठ वर्षांची. पानगळीपासून सुजतेय ती. सकाळी डोळे उघडत नाहीत एवढा चेहरा सुजतो. मी एका डॉक्टरला विचारलं. म्हणाला, मूत्रपिंडाचं दुखणं दिसतंय, साध्या गोळ्यांनी हटतं. पण उशीर झाला तर जातं मूल."

"मग तुझी बहीण काय हातावर हात ठेवून बसलीय? नेत का नाही?"

"नेलं तर मंडळीबाहेर काढतील. कोणी तिच्याशी बोलणार नाही, तिच्या ताटात जेवणार नाही. नवऱ्याला दोघांतून एक निवडावं लागेल. पण कायद्याने भाग पाडलं ना, तर वडीलजन गप्प बसतात. मुलांच्या जन्माची नोंद करायलाही आधी नको म्हणायचे. कायदा झाला, निमूट करायला लागले. राज्यकर्त्याचा हुकूम पाळला तर ते पाप नाही म्हणतात." तो थोडा पुढे झुकला. "तिला फक्त एवढं म्हणता आलं पाहिजे, वर्नाबाई. माझा इलाज नाही, कायदा आहे."

मला ते पटलं नाही. म्हटलं, भावाला बहिणीच्या मनातलं काय कळतंय. शनिवारी मी स्वतः जाते आणि तिलाच विचारते.

शनिवारी एनॉस आणि मी गेलो. अंगणात बर्फ, आणि केझायाचा नवरा रूबेन लाकडं फोडत होता. त्याने टोपी काढून मला नमस्कार केला, मेव्हण्याकडे पाहिलंही नाही. आत केझाया पीठ मळत होती. टिर्झा टेबलाशी बसून बटाटे सोलत होती, पायात बापाच्या सपाता, कारण तिच्या स्वतःच्या कशातच पाय जात नव्हते. पोरीचा चेहरा पाहिला आणि मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. तिने मात्र मला विचारलं, "तुम्ही मतं मागायला आलात का?"

"नाही गं. तुझ्या आईशी बोलायला आले."

पोर बाहेर गेल्यावर मी केझायाला सरळच विचारलं. "तुझा भाऊ काहीतरी सांगतोय. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. तुला काय हवंय?"

तिने पिठाचे हात पुसले.

"मला काय हवंय ते मी विचारत नाही. देवाला काय हवंय ते विचारते," ती म्हणाली. "मी प्रार्थनेत मागणं घातलंय. तुमच्या सभागृहाने त्या कायद्याला हो म्हटलं, तर समजेन की तो न्यायला सांगतोय. नाही म्हटलं, तर समजेन की थांबायला सांगतोय."

"अगं, कायदे देव करत नाही. आम्ही करतो. आम्ही काय लायकीची माणसं आहोत ते तुला माहीत नाही."

ती जरा हसली. "त्याला सगळ्यांकडून काम करून घेता येतं."

परत येताना गाडीत मी चिडले होते. कोणावर, ते मलाच कळेना. त्या वडीलजनांवर, की या बाईवर, की शेजारी गप्प बसलेल्या एनॉसवर. आईला मूल न्यायचंय आणि नेता येत नाही, मग मी आईबापांचा हक्क हक्क करत होते तो नक्की कोणाचा? शहर आलं तेव्हा मी म्हटलं, "मत देईन. भाषण करणार नाही. आणि माझं नाव कुठे घ्यायचं नाही."

नंतरचे तीन आठवडे मी एकेकाला कोपऱ्यात गाठून विचारत होते. आमच्या पक्षात माणसं वाईट नाहीत, लोक समजतात तशी तर नाहीतच. जो तो हेच म्हणे, "देतो गं मत, पण मला बोलायला लावू नकोस." डेल्बर्ट हफ, तीन हजार गुरांचा धनी, बंदुकीच्या प्रत्येक विधेयकावर गर्जना करणारा, तोसुद्धा कानात कुजबुजला, "हिरवं दाबतो. बायकोला सांगू नकोस, तिची बहीण त्या मंडळीत आहे." काठावर का होईना, पण जमत होतं.

सभापती रॉइस किमरलीने मला कॉफीला बोलावलं. रॉइस आणि मी एकाच वर्षी निवडून आलेलो.

"वर्ना, तू कशाला यात पडतेस? हो म्हटलं तर मंडळीवाले उठणार, नाही म्हटलं तर पेपरवाले. निवडणुकीचं वर्ष आहे. माझ्या माणसांच्या नावापुढे यातलं काहीच लागायला नको."

"मग समितीतच अडवायचं होतंस."

"तिथे डॉक्टर आले होते रडायला. जाऊ दे. येऊ दे सभागृहात, बघू." आणि त्याने माझ्या नातवाच्या बेसबॉलची चौकशी सुरू केली.

विधेयक आलं तो दिवस बुधवार. मी वर पाहिलं तर गॅलरीत पहिल्याच रांगेत केझाया, डोक्याला रुमाल, शेजारी टिर्झा, पलीकडे रूबेन, आणि मागे काळ्या कोटातले दोन वडीलजन. एनॉसने हात केला. तिने केला नाही, पण त्याच्यावरून नजरही काढली नाही.

आता आमची ती गंमत सांगायला हवी. नव्या आमदाराचं पहिलं विधेयक असलं की त्याची फिरकी घ्यायची. विधेयक धरणाचं असो की मधमाश्यांचं. त्याला वाटेल ते प्रश्न विचारायचे, आणि मतदान सुरू झालं की सगळ्यांनी लाल, म्हणजे नकाराचं बटण दाबायचं. भिंतीवरचा मोठा फलक लालेलाल होतो, नवा माणूस घामाघूम होतो. मग सभापती रेंगाळत विचारतात, "सगळ्यांची मतं झाली का?" तेवढ्यात सगळे हिरवं दाबतात, टाळ्या होतात, आणि त्याने आपल्या गावचा खाऊ प्रत्येकाच्या बाकावर ठेवायचा. एनॉसने चेरीची चॉकलेटं आणली होती. खाऊचं त्याला कोणीतरी सांगितलेलं, पण लाल दिव्यांचं सांगत नाहीत. ते आधी सांगायचं नसतं, तीच तर मजा. माझंही झालं होतं तसं, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

मला वाटलं होतं, मुलांच्या जिवाचा विषय आहे, आज सोडतील. तेवढ्यात डेल्बर्टने हात वर केला.

"सभापती महाराज, सन्माननीय सदस्यांनी गेल्या उन्हाळ्यात माझा पंप दुरुस्त केला. आठवड्यात पुन्हा बंद पडला. या कायद्याची हमी किती दिवसांची?"

सभागृह खो खो हसलं. एनॉस उभाच होता, कागद हातात, तोंड पांढरं पडलेलं. दुसऱ्याने विचारलं, हा टाय तुमच्या आजोबांचा का? तिसऱ्याने विचारलं, पंपाला ताप आला तर कोणाकडे न्यायचं? पुन्हा हशा. मी एनॉसची बाही ओढली. "घाबरू नको. फिरकी घेतायत. सगळ्यांची घेतात." मनात म्हटलं, बरंच झालं, हसून मोकळी झालेली माणसं हिरवं दाबायला कुरकुरत नाहीत. इतक्या वर्षांचा अनुभव होता माझा.

घंटा झाली. फलक लाल व्हायला लागला. मीही लाल दाबलं, सगळ्यांनी दाबलं, आणि त्या लालात एनॉसचा एकच हिरवा दिवा. बाकं वाजवणं सुरू झालं. आता रॉइस रेंगाळत विचारणार म्हणून बोटं हिरव्या बटणावर ठेवून आम्ही तयार.

"सगळ्यांची मतं झाली मतदान बंद," रॉइस म्हणाला. एका दमात. आणि हातोडा आपटला.

फलक गोठला. हसणं लगेच थांबलं नाही, मागच्या रांगा अजून हसतच होत्या. मग कोणीतरी ओरडलं, "रॉइस, अरे थांब! बदलायचं होतं!"

"मतं नोंदली गेली. विधेयक नामंजूर. पुढचं विधेयक घ्या."

गंमत गंमत करत काटा काढला त्याने. मी वर पाहिलं. केझाया उठून उभी होती. लाल फलकाकडे पाहत होती, आणि खाली हसणाऱ्या माणसांकडे. टिर्झा कठड्यावरून वाकून आमच्याकडे बघत होती, आणि सगळे हसताहेत म्हणून तीही हसत होती. केझायाने तिचा हात धरला आणि ते सगळे दाराबाहेर गेले.

आमचा एक नियम आहे. झालेलं मतदान पुन्हा घ्या, असं म्हणायचा अधिकार फक्त जिंकलेल्या बाजूच्या माणसाला. म्हणजे लाल दाबलेल्याला. म्हणजे त्या सभागृहात एनॉस सोडून कोणालाही. आणि कोणी उठेना! सगळे कागद चाळायला लागले, चष्मे पुसायला लागले. मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, सुटलो बुवा. ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. कोणी विचारलंच तर, अहो गंमत चालली होती, मशीन बंद झालं. गुपचूप हिरवं दाबणं वेगळं. आता उठणारा मात्र एकटा दिसणार होता.

एनॉस माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोलला नाही मेला. बोलला असता तर मला त्याच्यावर खेकसता तरी आलं असतं.

मे महिन्यात उमेदवार ठरवायची पक्षाची आतली निवडणूक होती. वरच्या दरीची मतं गेली की मी गेले, हे समजायला गणित लागत नाही. आणि नुसतं तेच नाही. ज्या गोष्टीविरुद्ध मी जन्मभर बोलले, तिच्यासाठी आता मला एकटीला भर सभेत उभं राहायचं होतं. मी बाकाला धरून उठले.

"सभापती महाराज, मी जिंकलेल्या बाजूने मत दिलंय. हे मतदान पुन्हा घ्यावं, असा प्रस्ताव मांडते."

रॉइसने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, कीव आल्यासारखं. "अनुमोदन?"

कोणी हलेना. मग पलीकडच्या बाजूला मायटे इटूरी उठली, विरोधी पक्षाची, डेमोक्रॅट. मनात म्हटलं, बाई गं, तू नको! तू उठलीस की आमचा एकही उठणार नाही! तिला ते कळलं असावं, कारण ती अर्धवट उठून तशीच थांबली. तेवढ्यात मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"अनुमोदन," डेल्बर्ट हफ म्हणाला. "थट्टा मी सुरू केली होती. तिचं हे असं करायचं नव्हतं, रॉइस. हे बरं नाही केलंस."

मग सुटली माणसं. होकाराचा आवाज एवढा मोठा झाला की रॉइसला ऐकू न आल्याचं सोंगही घेता येईना. फेरमतदान उद्या सकाळी, असं त्याने जाहीर केलं. मी बाहेर धावले. धावले म्हणजे काय, गुडघे सांभाळत जेवढं जमेल तेवढं.

पायऱ्यांखाली त्यांची गाडी सुरूच होती. रूबेन स्टिअरिंगवर, वडीलजन मागे, केझाया टिर्झाला आत बसवत होती.

"केझाया, थांब! उद्या पुन्हा मतदान आहे. आजचं खरं नव्हतं."

"खरं नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे अगं, नवा माणूस असला की करतात असं. सगळ्यांची थट्टा करतात. गंमत म्हणून लाल दाबायचं, मग हिरवं करायचं. आज करता आलं नाही." बोलता बोलता मलाच माझी लाज वाटायला लागली. बंद पडलेला पंप आणि एनॉसचा टाय! या बाईला काय सांगत होते मी?

"मी एकच विचारलं होतं," केझाया म्हणाली. "एवढ्या माणसांपैकी एकाकडूनही त्याने हो म्हणवलं नाही."

"एनॉसचं हिरवं होतं ना!"

"एनॉस माझा भाऊ आहे. तो कसा मोजायचा?" तिने टिर्झाच्या अंगावरची शाल नीट केली. "वर्नाबाई, तुम्ही चांगल्या आहात. पण उत्तर आवडलं नाही म्हणून देवाला मी उद्या पुन्हा विचारू?"

"विचार की! हजार वेळा विचार! त्याला काय कामं आहेत दुसरी?"

हे मी बोलायला नको होतं. तिने दार लावून घेतलं. मी गाडीच्या मागे हात हलवत, वेड्यासारखी ओरडत चार पावलं गेले. गाडी वळली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी विधेयक मंजूर झालं. कोणी हसलं नाही. मी भाषण करणार नव्हते, पण केलं, आणि त्यातलं एक वाक्य कापून कोणीतरी त्याची पत्रकं काढली. मे महिन्यात मी पडले. ते होणारच होतं, त्याचं रडगाणं गात नाही. वरच्या सभागृहाने, सिनेटने, फार खळखळ केली नाही, राज्यपालांनी सही केली. एनॉस कायद्याची प्रत घेऊन बहिणीच्या दारात गेला. तिने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "देवाचं मला सांगून झालंय, एनॉस. आता मी ऐकते त्याचं."

म्हणजे ज्या बाईला कायद्याचं निमित्त हवं होतं, तिच्यावरच कायदा चालवायची वेळ आली. एनॉसला कोर्टात जावं लागलं. स्वतःच्या बहिणीविरुद्ध. न्यायाधीशांनी हुकूम दिला, आणि शेरीफने मला फोन केला. "वर्ना, तू चल. ओळखीचं माणूस असलं तर बरं. मला त्या घरात जबरदस्ती करायची नाहीये."

अजून एप्रिलच होता, माझी निवडणूक व्हायची होती, बर्फ वितळून अंगणात चिखल झालेला. रूबेन आणि मंडळीतली माणसं त्या चिखलात गुडघ्यांवर बसून गात होती. कोणी आम्हाला अडवलं नाही, शिवी दिली नाही. केझाया ओट्याच्या खांबाला पाठ लावून बसली होती, टिर्झा मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट आवळलेली. पोरीचं पोट फुगलेलं, श्वास वरवर. शेरीफ वाकून म्हणाला, "ताई, द्या मुलीला." केझाया हलली नाही. त्याने तिच्या मनगटाला हात लावला, तशी टिर्झा किंचाळली.

"सर बाजूला," मी शेरीफला म्हटलं.

मग केझायाची बोटं मी सोडवली. एकेक. पुरुषाचे, पोलिसाचे हात तिला लागण्यापेक्षा माझे बरे, असं तेव्हा वाटलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि जोर लावत होती, आणि ती काही अशक्त बाई नव्हती. मी रडत होते. जन्मभर ज्या सरकारच्या हाताला भ्यायले, तो हात माझाच निघाला.

पोरगी वाचली. गोळ्याच होत्या, साध्या गोळ्या. आठवड्याभरात सूज उतरायला लागली आणि खालचा मूळ चेहरा दिसायला लागला. बारीक हनुवटीची, चुणचुणीत दिसणारी पोर. एनॉस रोज दवाखान्यात यायचा, तिच्या खोलीत बसायचा. केझाया आली की तो उठून जायचा. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

एका दुपारी मी गेले तर केझाया खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसू की नको, असं करत बसले.

"सूज बरीच उतरली," मी म्हटलं.

"हो."

आतून टिर्झाचा नर्सशी चाललेला वाद ऐकू येत होता, जेलीचा रंग कुठला हवा यावरून.

"त्या बुधवारी," केझाया म्हणाली, "मी तिची पिशवी भरून गाडीत ठेवली होती. दोन झगे, केस विंचरायचा ब्रश. तुमच्या सभागृहातून सरळ इथेच यायचं ठरलं होतं आमचं. रूबेनचंही. रस्ता विचारून ठेवला होता त्याने. वडीलजनांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, सभागृहाने हो म्हटलं तर आमची ना नाही."

मी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"मीच आणणार होते तिला," ती म्हणाली. "काल तिने विचारलं, आई, सगळे मला बरं करायला नेत होते, तर तू मला धरून का ठेवलं होतंस?" तिने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही होतात तिथे, वर्नाबाई. सांगा ना. काय सांगू मी तिला?"